खाशाबांची कथा आणि आपले खेळाडू विद्यार्थी

महाराष्ट्र सरकारने 15 जानेवारी हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविल्यापासून आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकांस दरवर्षी एक व्याख्यान ठेवलेलेच असते. नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत ह्या दिवशी जे समारंभ होतात त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. खाशाबांच्या तसबिरीस हार, मैदानावर नारळ, मग मांडवात बसविलेल्या पोरांपुढे पाहुण्यांचे भाषण. आणि त्या भाषणात, वक्ता कोणीही असो, तीच एक कथा. कथेचा शेवटचा शब्दही ठरलेला: जिद्द. मीही ही कथा पुष्कळ वेळा सांगितली आहे व टाळ्या घेतल्या आहेत. ती सांगताना आपण तिचे काय करतो, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. एखाद्या कादंबरीची वा नाटकाची परीक्षा करावी तशी एका लोकप्रिय कथेची परीक्षा करणे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जी कथा दरवर्षी हजारो विद्यार्थ्यांच्या कानांवर पडते ती वाङ्मय नव्हे असे म्हणणे कठीण आहे; आणि वाङ्मयाचा श्रोत्याच्या मनावर काय परिणाम होतो हे पाहणे टीकाकाराच्या कक्षेबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

कथा सर्वांस ठाऊक आहेच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर ह्या खेड्यात 1926 साली जन्मलेला मुलगा. घरी कुस्तीची परंपरा, पण अंगलट लहान. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तो कुस्तीच्या स्पर्धेसाठी नाव द्यावयास गेला तेव्हा त्याची शरीरयष्टी पाहून त्यास नाकारण्यात आले, तरी तो खेळला व आपल्याहून थोराड गड्यांस त्याने लोळविले. गादीवरची कुस्ती त्याला नवी होती, तरी 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. 1952 साली त्याला संघातून वगळले, तरी तो मागे हटला नाही. जवळ पैसा नव्हता, तरी तो हेलसिंकीस गेला. आणि तेथे ब्राँझपदक मिळवून स्वतंत्र भारताचा, वैयक्तिक खेळातील, पहिला ऑलिंपिक पदकवीर ठरला.

ह्यात एकही गोष्ट खोटी नाही. तथापि वाचकांनी ह्या परिच्छेदातील एका लहानशा अव्ययाकडे लक्ष द्यावे. ते अव्यय म्हणजे 'तरी'. सारी कथा ह्या 'तरी'च्या खांबांवर उभी आहे. प्रत्येक वाक्याच्या पूर्वार्धात एक अडचण, उत्तरार्धात खाशाबांचा पराक्रम, आणि दोहोंच्या मध्ये 'तरी'. ऐकणाऱ्या पोराची समजूत अशी होते की अडचणीपासून पराक्रमापर्यंत जाण्याचा पूल केवळ मल्लाच्या मनोबळाने बांधला गेला. प्रत्यक्षात ह्या प्रत्येक 'तरी'च्या आड कोणी ना कोणी मनुष्य उभा आहे, आणि वाक्यरचनेच्या एका सोयीने आपण त्याला झाकून टाकतो.

नाकारले, तरी तो खेळला. कसा खेळला? प्राचार्य खर्डेकर ह्यांच्याकडे त्याने दाद मागितली व त्यांनी परवानगी दिली म्हणून. गादी नवी, तरी सहावा आला. लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता, आणि तेथे रीस गार्डनर नावाच्या एका अमेरिकन कुस्तीगिराने त्यास शिकविले, म्हणून. वगळले, तरी मागे हटला नाही. पतियाळाच्या महाराजांनी त्याची तक्रार ऐकून घेतली व पुन्हा चाचणीची लढत घ्यावयास लावली, म्हणून ते मागे न हटणे फळास आले. एरव्ही अशी तक्रार करणारे आपल्या देशात थोडे का होऊन गेले? पैसा नव्हता, तरी हेलसिंकीस गेला. ह्या शेवटच्या 'तरी'मध्ये तर एक अख्खे घर दडले आहे. त्याच प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. घराची गोष्ट आपले वक्ते सांगत नाहीत असे नाही. सांगतात, पण ती प्राचार्यांच्या औदार्याची एक गोड उपकथा म्हणून. मुख्य कथेच्या कार्यकारणभावात त्या घरास जागा नसते.

आता ह्याच कथेतील जो प्रसंग आपण बहुधा घाईने आटोपतो त्याकडे वळू. हेलसिंकीस कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविल्यावर खाशाबांची गाठ जपानच्या शोहाची इशी ह्याच्याशी पडली. ती कुस्ती फार लांबली व खाशाबा हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम असता, त्यांना लगेच सोव्हिएट मल्ल ममेदबेकोव्ह ह्याच्याशी लढावयास बोलावले, आणि नियमावर बोट ठेवावयास भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगतात. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, ममेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना ब्राँझ.

प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जशी एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवतात, तसे काहीसे येथे दैवाने करून दाखविले आहे. माणूस तोच, अंगातले डाव तेच, जिद्दही तीच; बाजूला उभे राहून "अर्धा तास द्या" म्हणणारा माणूस मात्र नाही. जिद्द हीच जर ह्या कथेची खरी नायिका असेल, तर ह्या प्रसंगी ती कोठे गेली होती? ह्या प्रश्नास आपल्या व्याख्यानांत उत्तर नसते, म्हणून तो प्रसंग एका वाक्यात उरकला जातो.

आपण असे का करतो? मला वाटते, आपल्या कानांना संतचरित्रांची सवय आहे. छळ, कसोटी आणि अखेर कृपा हा आपल्या आख्यानांचा जुना घाट. खेळाडूंची चरित्रे आपण त्याच घाटात ओततो. परंतु ओतताना एक चूक करतो. जनाबाई दळत होती एवढेच आख्यानकार सांगत नाही. तिच्याबरोबर जात्याच्या खुंट्याला दुसरा एक हात होता हे सांगतो. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार लुटविले, पण त्यांची सुटका त्यांच्या धैर्याने झाली नाही. विठू महार बेदरास पैसे घेऊन गेला तेव्हा झाली. (बेदर आमच्या नांदेड-लातुराहून काही फार दूर नाही, पण विठूच्या वाटेने हल्ली फारसे कोणी जात नाही.) जुन्या कथाकाराला एकट्या माणसाचे बळ किती असते ह्याचा अंदाज होता. आपण सुधारलेल्या काळातल्या लोकांनी कथेतला देव काढून टाकला ते एक वेळ ठीक. पण त्याच्याबरोबर मदतीचा हातही काढून टाकला, आणि छळ मात्र जसाच्या तसा ठेवला. खर्डेकर हे ह्या कथेतील विठू होत. त्यांना बाजूला सारून कथा सांगणे म्हणजे दामाजी आपल्या हिमतीवर बेदराहून परतला असे सांगण्यासारखे आहे.

हा दोष केवळ मराठी व्यासपीठाचा नाही. 2016 साली निघालेला 'दंगल' हा हिंदी बोलपट आमच्या घराघरांतून पाहिला गेला. त्यात अखेरच्या कुस्तीच्या वेळी नायिकेच्या बापाला कोंडून ठेवले जाते. प्रेक्षकांत तो दिसत नाही म्हणून मुलगी कावरीबावरी होते, आणि मग त्याचे शब्द आठवून एकटीच जिंकते. 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगट हिने सुवर्णपदक मिळविले हे खरे. कोंडण्याचा प्रकार मात्र घडला नव्हता. तो कथाकाराने बेतला. म्हणजे पाहा: जेथे पाठीशी माणूस होता तेथे आपण तो कोंडून ठेवतो, कारण त्याशिवाय जिद्द उठून दिसत नाही, आणि जेथे माणूस नसल्यामुळे खरोखर पदकाचा रंग बदलला असण्याचा संभव आहे, तो 1952 चा प्रसंग आपल्या कल्पनेला चेतवीत नाही. बोलपट म्हणून 'दंगल' चांगला आहे, मला आवडला. पण त्यातील त्या कुलपाचा मला राग आहे.

राग असण्यास कारण घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका महाविद्यालयात माझ्या हातून एका मल्ल विद्यार्थ्याचा सत्कार झाला. मुलगा खेड्यातला, अंगापिंडाने उत्तम, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवडला गेलेला. मी अर्थात खाशाबांची कथा सांगितली. पुढे स्पर्धेहून तो पहिल्याच फेरीत हरून परत आला. कुस्तीच्या आदल्या रात्री त्याला झोप आली नाही, सकाळी ओकाऱ्या झाल्या, आखाड्यात उतरल्यावर "हात उचलंना" असे तो म्हणे. वजनाच्या गटात बसावे म्हणून दोन दिवस त्याने पाणीही मोजून घेतले होते. हे त्याने नंतर सांगितले, आणि ते विचारावे असे तोवर कोणाला सुचले नव्हते. बरोबर गेलेल्या मंडळींनी त्याच्यावर 'घाबरट' असा शिक्का मारला. तो माझ्या घरी आला तेव्हा मी काय केले? पुन्हा खाशाबाच सांगितले. "अरे बाळ, खाशाबासुद्धा लंडनला सहावेच आले होते. जिद्द सोडू नकोस." त्याने खाली पाहूनच उत्तर दिले, "सर, त्यायच्या मागं घर गहाण ठिवणारे प्रिन्सिपल व्हते. मह्या मागं कोण हाय?"

तीस वर्षे वाङ्मय शिकवून जे मला त्या कथेत दिसले नाही, ते त्याला दिसले. त्याने कुस्ती सोडली. त्या दिवशी मी त्याला चहा पाजला व वाटेला लावले, ह्यापलीकडे माझ्या हातून काही झाले नाही.

आता ह्या विषयाचे शास्त्र काय म्हणते ते पाहिले तर गंमत अशी दिसते की ते त्या मुलाच्या बाजूचे आहे, आणि ते नवे नाही. 1898 साली नॉर्मन ट्रिपलेट ह्या अमेरिकन अभ्यासकाने सायकलस्वार एकटे असता व चढाओढीत असता किती वेगाने जातात ह्याचे आकडे तपासले. मग चाळीस मुलांना त्याने गळाच्या दोऱ्याची रिळे फिरवावयास दिली, कधी एकटी, कधी जोडीने. चढाओढीने वेग वाढतो हे त्याचे अनुमान सर्वत्र उद्धृत होते. परंतु त्याच्याच नोंदीप्रमाणे वीस मुलांचा वेग वाढला, दहांवर फारसा परिणाम झाला नाही, आणि दहा मुले चढाओढीने उलट बिघडली. ह्या दहा मुलांना कोणी घाबरट म्हटल्याचे मला ठाऊक नाही. पुढे 1908 साली यर्क्स व डॉडसन ह्यांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की काम सोपे असेल तर चेतावणी जितकी तीव्र तितके बरे. काम अवघड असेल तर चेतावणी एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते व पुढे तीच काम बिघडविते. उंदरांवरून माणसांची अनुमाने जपून काढावी हे खरे, पण कुस्तीच्या जाणकारास ह्यात नवल वाटणार नाही. पाचशे जोर काढावयाचे असतील तर आरोळी ठोकावी, अंगात वीरश्री संचरू द्यावी. पण धोबीपछाड मारावयाची वेळ समोरच्याच्या तोलावरून ओळखावयाची असेल, तर डोके थंड लागते. तेथे वीरश्रीचा अतिरेक मारक होतो. ज्या मुलाला आधीच झोप नाही त्याच्यावर आणखी एक स्फूर्तिदायक व्याख्यान ओतणे हे तापलेल्या तव्यावर तेल ओतण्यासारखे आहे, आणि तो पराक्रम मी केला होता.

मोठे खेळाडू आता ह्या गोष्टी उघड बोलू लागले आहेत. 2021 साली टोकियोमध्ये सिमोन बाइल्स ह्या अमेरिकन कसरतपटूने, हवेत असता आपल्या देहाचे भान सुटते आहे हे ओळखून, सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. 2024 साली पॅरिसला ती परत आली व सुवर्णपदके घेऊन गेली. आपल्या अभिनव बिंद्राने 2008 साली नेमबाजीत सुवर्ण मिळविल्यानंतर मनाला कसे रितेपण आले हे स्वतः सांगितले आहे. विनेश फोगट 2024 साली अंतिम कुस्तीच्या सकाळी 50 किलोच्या गटात 100 ग्रॅम जास्त भरली. ते वजन उतरविण्यासाठी तिने रात्रभर जी धडपड केली ती साऱ्या देशाने वाचली. आमच्या मुलाची मोजून घेतलेली पाण्याची भांडी मला त्या दिवशी आठवली. फरक इतकाच की विनेशभोवती वैद्य होते, शिक्षक होते, मागाहून दाद मागावयास वकीलही होते.

कोणी म्हणेल, आमच्या बापजाद्यांनी मानसशास्त्रज्ञांवाचूनच कुस्त्या मारल्या. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मानसशास्त्रज्ञ हा शब्द नव्हता; माणूस होता. त्याला वस्ताद म्हणत. तालमीत पोरे एकत्र राहत, एकत्र जेवत. कोणाला झोप लागत नाही, कोण घरच्या आठवणीने झुरतो, कोणाच्या खुराकाचे पैसे आले नाहीत, हे वस्तादाला न सांगता कळे. कोणत्या पोराची कोणाशी आणि केव्हा कुस्ती लावावयाची हे तोच ठरवी. लवकर लावलेली मोठी कुस्ती पोराचे मन कायमचे मोडते हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक होते. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले, 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत दुसऱ्यांची पोरे घडवीत बसले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचा शिष्य. बिराजदार 2011 साली वारले; त्यानंतर काका पवार ह्या दुसऱ्या लातूरकराने राहुलला हाताशी धरले. 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण मिळविल्यावर राहुलने ते बिराजदारांच्या स्मृतीस वाहिले. सात वर्षांपूर्वी वारलेला मनुष्य ज्याच्या मनात असा उभा राहतो, त्याच्या यशाला केवळ जिद्द म्हणणे हा भाषेचा आळस आहे. तालमीचे गोडवे मी अकारण गात नाही. तेथे मारही असे, आणि हरलेल्याची हेटाळणीही असे. पण तेथे हरलेला पोरगा एकटा खोलीत बसत नसे.

आज नांदेड किंवा लातूरला शिकणारा खेळाडू विद्यार्थी तालमीतून निघाला आहे आणि दुसरीकडे कोठे पोचलेला नाही. तो भाड्याच्या खोलीत राहतो, खाणावळीत जेवतो. त्या जेवणात त्याच्या मेहनतीला पुरेल असे काय असते हे खाणावळवाल्यालाच ठाऊक. महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा संचालक एक, खेळ पंधरा-वीस, आणि त्या संचालकाच्या डोक्यावर प्रवेश, परीक्षा, समित्या ह्यांचे ओझे निराळे. स्पर्धांचे दिवस आणि सत्रपरीक्षांचे दिवस एकमेकांवर आदळतात. एका आठवड्यात वाचनालयात "तू तर खेळाडू" म्हणून आणि मैदानावर "तू तर परीक्षेचा" म्हणून त्याला दोन्हीकडून परका केले जाते.

आणि घरी? ह्या मासिकाच्या वाचकांनी रागावू नये. मी त्यांच्यातलाच एक आहे. शास्त्रशाखेच्या निकालांमुळे लातूरचे नाव 'पॅटर्न' म्हणून गाजू लागले त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला; नांदेडही त्याच वाटेने गेले. दोन्ही शहरांत शिकवणीवर्गांच्या पाट्या मैदानांपेक्षा अधिक आहेत. दहावीनंतर खेळत राहणारा मुलगा आपल्या घरात वाया गेलेला ठरतो. मात्र बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी पाच टक्के जागा आहेत, हे कळताच तेच घर प्रमाणपत्राच्या मागे लागते. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे मराठवाड्यात गाजली ती उगीच नव्हेत. म्हणजे खेळ नको, खेळाचा कागद हवा. ज्या मुलाला खेळच हवा आहे, त्याच्या मनावर ह्या हिशेबी वातावरणाचे काय होत असेल? हरला तर त्याने एक कुस्ती गमावली असे कोणी म्हणत नाही; गुण गमावले, जागा गमावली, घरच्यांचा विश्वास गमावला. एवढे सारे पाठीवर घेऊन तो गादीवर उतरतो, आणि खाली बसलेले आम्ही त्याला जिद्द शिकवितो.

जिद्द काहीच नाही असे मला म्हणावयाचे आहे, असा अर्थ कोणी काढू नये. खाशाबा लंडनहून रिकाम्या हाताने परतले, चार वर्षे आणखी घाम गाळला, 52 किलोच्या गटातून 57 किलोच्या गटात गेले, नवे डाव शिकले. हे त्यांच्याऐवजी कोणी दुसरा करू शकला नसता. परंतु जिद्द ही ठिणगी आहे. लाकूड, चूल आणि फुंकर ह्यांचा हिशेब सोडून केवळ ठिणगीचे स्तोत्र गाणाऱ्याच्या घरी स्वयंपाक होत नाही. पदकानंतरच्या खाशाबांचे काय झाले हेही आपण ह्याच कारणाने विसरतो. 1955 साली ते पोलिसांत फौजदार झाले. बढतीची वाट त्यांनी कित्येक वर्षे पाहिली. 1984 साली अपघातात ते वारले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. मिरवणुकीच्या बैलगाड्या आपण शंभरावर मोजतो. नंतरची तीस वर्षे कोणी मोजीत नाही. वैयक्तिक खेळातले दुसरे ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या मुलाला, कोल्हापूरकडच्याच स्वप्नील कुसाळेला, मिळावयास 2024 साल उजाडावे लागले. मधली बहात्तर वर्षे महाराष्ट्रात जिद्दीचा दुष्काळ होता असे मानावयाचे काय?

ह्या वर्षीच्या 15 जानेवारीला मी ती कथा उलट्या बाजूने सांगून पाहिली. आरंभ हेलसिंकीच्या अर्ध्या तासापासून केला, मग खर्डेकरांचे घर, मग पतियाळा, मग लंडन, आणि सर्वांत शेवटी राजाराम कॉलेजातील तो लहान अंगाचा मुलगा. टाळ्या कमी पडल्या. चिटणीसांनी आभार मानताना "सरांनी वेगळाच विषय मांडला" असे म्हटले, त्यात नाराजी असावी. मांडव रिकामा होत असता मागच्या रांगेतली एक मुलगी, पायांत अजून धावण्याचे बूट, पुढे आली आणि विचारू लागली की असा अर्ध्या तासाचा नियम धावण्याच्या शर्यतींनाही असतो का, कारण मागच्या महिन्यात तिला दोन शर्यती लागोपाठ धावावयास लावल्या होत्या, आणि असेल तर तो कोणाला सांगावयाचा. जवळ उभे असलेले एक-दोघे हसले. मी तिच्या शारीरिक शिक्षणाच्या संचालकांना हाक मारली, आणि आम्ही तिघे मांडवातल्या खुर्च्यांवर नियमपुस्तिका उघडून बसलो.